चिन्हाभोवतीची मोकळी जागा

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, पैज लावून सांगतो. आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांतल्या निम्म्यांनी मला तोंडावर खोटारडा म्हटलं आणि उरलेल्यांनी चहा अर्धा टाकून घर गाठलं. पण एका साध्या गोल रेघेने भर दिवसा एक घर मागे ढकलायला काढलं होतं, तेही आत हाड मोडलेली म्हातारी पडलेली असताना. आणि ती रेघ जिने काढली, ती बाई त्या दिवशी जेवढी घाबरली तेवढं घाबरलेलं माणूस मी ना आधी पाहिलं, ना नंतर.

तिला सगळे मिलीताई म्हणायचे. तोंडावर मिलीताई, पाठीमागे मिलिमीटर. कारण उघड आहे. भिंतीवरचं कॅलेंडर केसभर कललेलं असलं, तरी तिचा घास घशाखाली उतरायचा नाही.

कंपन्यांना चेहरा देणं हा तिचा धंदा. तुम्ही साबणाची वडी उचलता, बँकेच्या दारात उभे राहता, तिथे एवढंसं चिन्ह असतं आणि नाव न वाचताच तुम्हाला कळतं की हे अमक्याचं. ते चिन्ह कुणीतरी डोळे फुटेस्तोवर बसून काढलेलं असतं. मिलीताईने सुरुवात केली छापखान्याच्या एका कोपऱ्यात, लोकांची व्हिजिटिंग कार्डं जुळवत. मग एका चपलांच्या दुकानाची पाटी केली. ती इतकी नेटकी जमली की लोक पाटी बघून तृप्त होऊन तसेच घरी जायला लागले. दुकानदार रडकुंडीला आला. मग बिस्किटांची कंपनी आली. त्यांच्या पुड्यासाठी तिने असा तांबूस रंग शोधला की गिऱ्हाइकांच्या तोंडाला सुटलेलं पाणी पुसायला दुकानात फडकं ठेवावं लागे. मग पंखे. पंखेवाल्यांच्या चिन्हासमोर फार वेळ उभं राहिलं की शिंका यायच्या. तिने तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण कौतुक व्हायला लागलं की कोण सावध होतं?

शेवटी आले गादीवाले. एवढी मोठी कंपनी की अर्धं शहर त्यांच्या गाद्यांवर झोपायचं. मालक स्वतः तिच्या ऑफिसात आले, खुर्चीत रेलले आणि म्हणाले, "मॅडम, मला बाकी काही कळत नाही. चिन्ह बघितल्याबरोबर माणसाला मोकळं वाटलं पाहिजे. दिवसभराचे घट्ट बूट काढल्यावर वाटतं ना, तसं."

मिलीताई त्यावर कितीतरी दिवस खपत राहिली. कागदांचे ढीग झाले. आणि मग एक रेघ जमली: एक गोल, अगदी साधा, तळाशी एका ठिकाणी जरासा उघडा, जांभई देताना तोंड नुकतं उघडावं तसा. तिने तो भिंतीवर दाखवला तेव्हा मालकांना जांभई आली, त्यांच्या हिशेबनिसाला आली, आणि विरोध करायला म्हणून आलेला जाहिरातवाला तर बसल्या जागी घोरायला लागला. चिन्ह एकमताने मंजूर झालं.

आता या धंद्याची एक रीत आहे. नुसतं चिन्ह देऊन भागत नाही, सोबत नियमांचं पुस्तक द्यावं लागतं. रंग हाच, दुसरा नाही. चिन्ह ताणायचं नाही, तिरकं करायचं नाही. आणि चिन्हाच्या चारी बाजूंना अमुक एवढी मोकळी जागा सोडायची, तिथे दुसरं काही घुसवायचं नाही. का, तर लोकांना सवय असते. सुंदर चिन्ह दिलं की त्याला चिकटून 'सवलत', 'नवीन', 'एकावर एक फुकट' असं काहीबाही कोंबतात आणि त्याचा जीव गुदमरवतात. बाकीचे लोक एखाद्या अक्षराच्या रुंदीएवढी जागा मागतात. मिलीताईला वाटलं, हे चिन्हच मोकळेपणाचं, याला कंजुषी कशाला? तिने लिहिलं: चिन्हाची जेवढी उंची, तेवढी जागा चहूबाजूंनी मोकळी. तिथे काहीही येता कामा नये. अपवाद नाही.

चिन्ह किती लहान करू नये हेही तिने लिहिलं. नखाहून लहान नको. किती मोठं करू नये हे मात्र लिहिलं नाही. या धंद्यात ते कुणीच लिहीत नाही. चिन्ह बारीक करून कोपऱ्यात टाकतील हीच ज्याला त्याला धास्ती. मोठं केलं म्हणून कोण रडतंय?

छापखान्यातून पहिली कार्डं आली, तेव्हा तिने एक टेबलावर ठेवलं आणि कौतुकाने बघत बसली. शेजारी पेन्सिल होती. पेन्सिल घरंगळली. तिने ती परत ठेवली. पेन्सिल परत घरंगळली. मग खोडरबर घसरलं, आणि खोडरबराला काही चाकं नसतात. तिने चहाचा कप कार्डाला टेकवून ठेवला आणि हात काढला, तर कप काचेवरून सरकावा तसा सरकत गेला आणि थांबला. तिने खुर्ची मागे घेतली. पण सवय कुठे जाते? तिने पट्टी काढली. चिन्ह अंगठ्याच्या पेराएवढं होतं, आणि कप बरोबर पेराएवढ्या अंतरावर थांबला होता. केसाचाही फरक नाही.

दुसरं कुणी असतं तर म्हटलं असतं, टेबल कललंय. मिलीताईचं टेबल कललेलं असणं शक्यच नव्हतं.

मग तिने लक्ष ठेवायला सुरुवात केली आणि तिची झोप उडाली. अर्ध्या शहराला झोपवणाऱ्या चिन्हाने झोप उडाली ती एवढ्या एकीचीच. गादीवाल्यांची व्हॅन रस्त्याने निघाली की दोन्ही बाजूंचे सायकलवाले गटाराच्या कडेला जाऊन उभे. कुणी विचारलं तर म्हणत, असंच, वाट दिली. कंपनीच्या नव्या दुकानाशेजारी एक शिंपी होता. दुकानावर चिन्ह लागलं त्याच दिवशी त्याची पाटी खिळ्यांसकट चार हात पलीकडे, भिंतीच्या टोकाला जाऊन लटकली.

"बघा ना ताई," शिंपी म्हणाला, "आयुष्यभर माणसं माझ्यापासून लांब पळाली, कपडे वेळेवर देत नाही म्हणून. आता पाटी पण पळाली."

मिलीताईला हसू आलं नाही. तिने टेप लावून अंतर मोजलं: बरोबर चिन्हाच्या उंचीएवढं.

आणि अशात एके सकाळी ती आईच्या खोलीत गेली आणि तिने पडदा सरकवला.

आई तेव्हा खाटेला खिळलेली होती. मोरीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं, पायाला वजनं टांगलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं: खाट हलवायची नाही, आजींना हलवायचं नाही, एक धक्का बसला तर सगळं पहिल्यापासून. खोली रस्त्याच्या बाजूला, गल्ली अरुंद, समोर गादीवाल्यांची नवी इमारत. आणि त्या इमारतीच्या दर्शनी भागावर, आईच्या खिडकीच्या बरोब्बर समोर, लोखंडी सांगाड्यावर कमानीसारखे निळे तुकडे चढत होते.

"काय गं लावतायत ते?" आई म्हणाली. "सकाळपासून ठोकाठोक चाललीय. चंद्र बसवतायत की काय?"

मिलीताई खिडकीपाशी सरकली. तिने नजरेनेच मापं घेतली. तो गोल पुरा झाला की दोन मजली उंच होणार होता. म्हणजे चारी बाजूंना दोन मजल्यांएवढी मोकळी जागा. गल्ली त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. उरलेली जागा कुठून येणार? तिच्या घरातून. आईच्या खोलीतून. खाट, कपाट, वजनं आणि खाटेवरची आई, सगळं मागच्या भिंतीवर जाऊन चेपणार होतं, पट्टीने मोजल्यासारखं.

तिने मालकांना फोन लावला.

"मालक, ती पाटी लहान करा. हात जोडते."

"लहान? मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात ना, चिन्हाचा जीव गुदमरवू नका म्हणून?"

"म्हणाले होते. पण एवढं मोठं नको."

"तुमचं पुस्तक पुढ्यात घेऊन बसलोय. नखाहून लहान नको, असं लिहिलंय. मोठं नको, असं कुठे लिहिलंय? पान सांगा."

"ते लिहायचं राहिलं."

"मग राहू द्या. दुपारी सगळी बडी मंडळी बघायला येणार आहेत. तुम्हीही या, नटूनथटून या," असं म्हणून मालकांनी फोन ठेवला. ठेवण्याआधी एक जांभईही दिली.

तिने संगणक उघडून नियम बदलला. 'काहीही'च्या जागी 'दुसरं अक्षर' लिहिलं. टेबलावरच्या कार्डापाशी कप ठेवून पाहिला. कप सरकला. मंजूर झालेलं पुस्तक तेच पुस्तक. नंतर तुम्ही घरी बसून काय खरडता त्याला कोण विचारतं? तिने दवाखान्यात फोन केला. स्ट्रेचर आणि माणसं संध्याकाळशिवाय नाहीत. खाट मागच्या खोलीत न्यावी म्हटलं, तर ती दारातून निघण्यातली नव्हती. दर वेळी समोर एक तुकडा बसला की औषधाच्या बाटल्या किणकिणत मागे सरकत. आई म्हणायची, "उंदीर झालेत गं घरात," आणि मिलीताई पदराने घाम पुसत म्हणायची, "हो, उंदीरच."

शेवटचा एक तुकडा राहिला तेव्हा तिची पाचावर धारण बसली. ती धावत गल्लीत उतरली. काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. वर सांगाड्यावर पाटीवाला कमरेला दोर बांधून उभा. खाली भिंतीवर गादीवाल्यांची कागदी पोस्टरं चिकटवलेली, एकाशेजारी एक. त्यांच्यासमोरून माणसं नेहमीसारखी लांबून वळसा घालून चाललेली. फक्त शेवटच्या पोस्टराखाली, अगदी चिन्हाला पाठ घासून, एक मांजर पाय ताणून झोपलेलं.

मिलीताई थबकली. मांजर का सरकत नाही? तिने निरखून पाहिलं. ते पोस्टर कुणीतरी घाईत चिकटवलं होतं. वाकडं. तळाची फट जराशी बाजूला गेलेली.

एरवी तिने ते पोस्टर नखांनी खरवडून काढलं असतं. आज तिला ते कवटाळावंसं वाटलं. तिरकं करायचं नाही, हाही तिचाच नियम. तिरकं झालं की ते चिन्ह राहत नाही, नुसती रंगवलेली रेघ होते. आणि रेघेला कोण भितं?

"अहो!" ती वर बघून ओरडली. "अहो पाटीवाले! वाकडी लावा!"

"काय?"

"वाकडी! तिरकी! थोडीशी उजवीकडे!"

पाटीवाल्याने कपाळावर हात मारला. या बाईने आदल्याच दिवशी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या पाटीपायी त्याला धाग्याएवढ्या फरकासाठी तीनदा वर चढवलं होतं. "ताई, परीक्षा घेताय का गरिबाची? केस पिकले माझे पाट्या लावण्यात. या हाताने वाकडी पाटी लागलेली नाही आणि लागणारही नाही!"

"परीक्षा नाही हो! माझी आई आहे समोर!"

"आई आहेत तर मग सरळच लावायला नको का? त्या काय म्हणतील?"

"निदान नट आवळू नका! ढिले ठेवा!"

"ते ढिलेच असतात, ताई. आधी ओळंबा धरायचा, तुम्ही खालून एक डोळा मिटून बघायचं, मग आवळायचं. मला शिकवता?" असं म्हणत त्याने शेवटचा तुकडा खाचेत बसवला. खट्‌ आवाज झाला.

गोल पुरा झाला.

आधी वारा पडला. मग खिडक्यांच्या काचा एकदम दणाणल्या. पाटीवाला सांगाड्यावरून उडाला तो दोर ताणून हवेत आडवा, दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा फडफडत, आणि ओरडतोय, "ताई! सरळ आहे ना? सरळ आहे ना?" समोर आईच्या खोलीत कपाट घसरण्याचा कर्रकन आवाज झाला. लोखंडी वजनं घड्याळाच्या लोलकासारखी मागे उडाली. आणि आईचा आवाज आला, घाबरा, लहान मुलीसारखा: "अगं, मला ढकलतंय कोण? अगं, ये ना!"

मिलीताई गल्लीच्या टोकाकडून घराकडे धावली, पण घराचं दार गोलाच्या बरोब्बर समोर, तिकडे पाय पुढे पडेनात. तिच्या चपला फरशीवरून मागे, मागे. ती पावलं पुढे टाकत होती आणि गल्ली तिला मागे नेत होती. तिला रडू फुटलं. आयुष्यभर तिने दुसऱ्यांना हात लावू दिला नव्हता अशी ती जागा. आता त्या जागेत तिलाच थारा नव्हता.

एवढ्यात तिच्या खांद्यावर काहीतरी सपकन बसलं. तुकडे वर ओढून घ्यायचा जाड दोर होता तो. एक टोक गोलाच्या उजव्या कडीला बांधलेलं, दुसरं गल्लीत लोंबकळत. जे चिन्हालाच बांधलेलं ते चिन्हाचंच अंग, म्हणून तेवढा तो दोर जागचा हलला नव्हता. तिने तो दोन्ही हातांनी पकडला, मनगटाला वेढा दिला आणि डोळे मिटले.

तिला ओढावंही लागलं नाही. चिन्ह तिला ढकलत होतं, ती दोर सोडत नव्हती. ते जितकं जोरात ढकले, तितका दोर ताणला जाई. तळहात सोलवटून निघाले. खांदे उखडतात की काय असं झालं. भीतीने तिची दातखीळ बसली होती म्हणून बरं, नाहीतर किंचाळण्याच्या नादात दोर सुटला असता. आतून खाट भिंतीवर आदळल्यासारखा आवाज आला आणि तिने जीव खाऊन मूठ आणखी आवळली.

वर एक नट कुरकुरला. मग दुसरा. आणि तो दोन मजली निळा गोल, म्हशीने मान वळवावी तसा, सावकाश वळला. वीतभर.

सगळं थांबलं. पाटीवाला धपकन सांगाड्यावर येऊन पडला. मांजर उठलं, आळस दिला, परत झोपलं.

मिलीताई दोर टाकून जिना चढली, दोन दोन पायऱ्या एकदम. खोलीत कपाट आडवं, बाटल्यांचा चुरा, खाट मागच्या भिंतीपासून चार बोटांवर येऊन थांबलेली. वजनं जिथल्या तिथे लोंबत होती. आई पांढरीफटक, पण डोळे उघडे. ती खिडकीबाहेर बघत होती.

"आई! लागलं का गं? आई!"

"मला काही झालं नाही," आई म्हणाली. मग डोळे बारीक करून, "पण बाळ, ते वाकडं लागलंय बघ."

मिलीताई खाटेच्या कडेला बसली. आईचा हात हातात घेतला. तिने समोर पाहिलं. फट बाजूला गेलेली, उघड्या डोळ्यांना बघवत नाही इतकी वाकडी. "दिसू दे वाकडं," ती म्हणाली, आणि तोंडावर पदर घेऊन हमसून हमसून रडली.

दुपारी मालक आले, बडी मंडळी आली. मिलीताईचा जीव पुन्हा टांगणीला: आता सरळ करायला सांगतील! नट आवळले गेले तर आई गेली. मालकांनी वर पाहिलं. मान उजवीकडे कलती केली. अजून जरा कलती केली. आणि म्हणाले, "मॅडम, कमाल केलीत! हे बघताना मान आपोआप उशीवर टेकल्यासारखी होते!" सगळ्या बड्या मंडळींनी माना टाकल्या आणि टाळ्या वाजवल्या. पाटीवाल्याने मात्र भर सभेत कानाला खडा लावला आणि रडत रडत त्याच वाकड्या गोलाचे नट आवळले. तेव्हापासून कंपनीचं चिन्ह वाकडंच छापलं जातं, आणि त्याच्या शेजारी खुशाल कप ठेवा, हलायचा नाही.

आई चार महिन्यांनी चालायला लागली. पण त्या गल्लीतून जो जातो त्याची मान तिकडे कलते ती कलतेच. सगळा मोहल्ला तसा चालतो. पटत नाही? मग ही माझी मान बघा. परवा सकाळी जरा त्या गल्लीतून पाय मोकळे करून आलो, तेव्हापासून ही अशी उजव्या खांद्याला टेकलेली आहे. वळवून दाखवा कुणी. आता हे तरी खोटं म्हणाल?

"परवा?" आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला, आणि पाठोपाठ शेकायची पिशवी घेऊन ती स्वतः. "परवा सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तुम्ही या खुर्चीत तोंड उघडं टाकून घोरत होतात! मान तिथेच अवघडली. दोन दिवस शेकतेय कोण, ती गल्ली की मी?"